बाराची कूस

"तारीख आजची घालतेस?"

"मग कुठली घालू? काल नव्हतं, आज आहे."

"काल नव्हतं, हे कोण म्हणतं?"

"मी म्हणते. काल सकाळी मास्तरांचं अंग मीच पुसलं. पाठ, कंबर, टाचा, कानांच्या मागे. कुठे ठिपका नव्हता."

"तू म्हणतेस. कागद काय म्हणतो? कागद मूग गिळून बसलाय! हे बघ, भरतीच्या दिवशीचा तक्ता. 'त्वचेची स्थिती', आणि पुढे कोरं करकरीत. त्या दिवशीच्या धावपळीत कुणी भरलंच नाही. तिथे आता एक ओळ लिही. उजव्या कमरेवर जखम, येतानाच होती. मास्तर दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेत, तिथूनच घेऊन आले. मिटलं."

"म्हणजे माझं पाप त्यांच्या पदरात."

"त्यांना कोण विचारायला जातंय?"

"कुणी नाही. म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय? अगं, एकदा तरी पूर्ण बोल! हॉस्टेलपासून बघते, अर्धं वाक्य टाकतेस आणि उरलेलं माझ्या डोक्यात वळवळत राहतं."

हे भांडण चाललं होतं आयसीयूच्या चादरी ठेवायच्या खोलीत. तिथे मशीनचे आवाज पोचत नाहीत आणि नातेवाइकांचे कानही. दाराला पाठ लावून उभ्या होत्या त्या इन्चार्ज सिस्टर, म्हणजे नऊ बेडच्या या आयसीयूच्या मालकीणच म्हणा. आणि घडी केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर, एक हात कमरेवर ठेवून बसली होती ती कुशीताई. दोघी एकाच वर्षी शिकायला आल्या, हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिल्या, एकीच्या डब्यातलं दुसरीने न विचारता खाल्लं. त्यामुळे बाहेर 'इन्चार्ज मॅडम' आणि आत 'अगं तू'.

कुशीताई हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. ते ठेवलं मामांनी. मामा म्हणजे वॉर्डातले मदतनीस, पन्नाशी उलटलेले, साऱ्या हॉस्पिटलचे मामा. जो माणूस व्हेंटिलेटरवर निपचित पडलाय त्याला स्वतःची कूस स्वतः बदलता येत नाही. ती दुसऱ्याने बदलायची, दर दोन तासांनी, नाहीतर गादी आणि हाड यांच्या मध्ये सापडलेली कातडी मरते. आठ, दहा, बारा असे तास भरत आले की हिची हाक यायची, "मामा, कूस!" बसच्या कंडक्टरने पुढचा थांबा पुकारावा तशी. हाक चुकली तर आज ताई रजेवर आहेत हे सांगावं लागायचं नाही.

तिला हे वेड लागलं नोकरीच्या पहिल्या वर्षी. एक पोस्टमन आला होता, अंगातली ताकद एकाएकी गेलेला. एकवीस दिवस यंत्रावर होता. सगळ्यांनी जिवाचं रान केलं, आणि बाविसाव्या दिवशी तो आपला आपण श्वास घेऊ लागला. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. मग त्याला पहिल्यांदा नीट उलटा केला, आणि माकडहाडावर मूठ जाईल एवढा खड्डा. आजाराने सोडलं, गादीने धरलं. पुढे तीन महिने त्याची मलमपट्टी हिने केली. त्याची बायको भांडली नाही, ओरडली नाही. रोज पट्टी सोडताना एवढंच म्हणायची, "आत येताना पाठ चांगली होती हो." वास धुतला की जातो. हे वाक्य गेलं नाही.

तेव्हापासून कुशीताई पाठींच्या मागे लागली. पण पाठीच्या मागे लागणं म्हणजे साऱ्या जगाशी वाकडं घेणं. डॉक्टरांची फेरी आली की लघवी विचारतात, बीपी विचारतात, ऑक्सिजन विचारतात. पाठ कुणी विचारत नाही, कारण पाठ दिसत नाही, तिच्यावर पेशंट झोपलेला असतो. ही वळवायला गेली की तरुण डॉक्टर दोन्ही हात आडवे करायचा, "सिस्टर, बीपी पडतंय, हलवू नका!" ती म्हणायची, "सगळं कुठे वळवतेय सर? एवढंसं. उशीचं टोक तेवढं सारते. तुम्ही बीपीकडे बघा, मी कमरेकडे बघते." नऊ बेडला हवेच्या गाद्या चार, त्यातली एक गळकी. तिला मामांनी सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावलेलं, आणि वर ऐट अशी की जसं काही हृदयच शिवलंय. खरं तर एका नर्सकडे एकच बेड असायला हवा. नाहीच जमलं तर दोन. इथे तीन. आणि तीन बेडमध्ये जीव वाचवायचा आणि कातडी वाचवायची अशी वेळ एकदम आली, तर कातडी थांबते. ती ओरडत नाही ना.

बरं, वेड होतं म्हणून सगळं बरोबर होतं असंही नाही. तिला शिकवणाऱ्या थोरल्या सिस्टरांनी दोन विद्या दिल्या होत्या. लाल झालेली जागा स्पिरिट आणि पावडर लावून खसाखसा चोळायची. आणि रबरी हातमोज्यात पाणी भरून, गाठ मारून, तो फुगा टाचेखाली द्यायचा. हिच्या फुग्यांची ख्याती अशी की दुसऱ्या वॉर्डातून मागणी यायची. दहा वर्षं तिने फुगे बांधले. मग एक नवीन मुलगी लागली, सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. तिने तिसऱ्याच दिवशी तोंड उघडलं.

"ताई, आम्हाला शिकवलंय, हे करायचं नाही. पाण्याच्या फुग्याने टाचेवरचा भार जात नाही. आणि लाल जागा चोळली तर आतलं आणखी फाटतं."

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बांधतेय मी हे."

"पाळण्यात मला फुग्यावर नव्हतं ठेवलं."

चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी कुशीताईने घरी स्वतःच्या टाचेखाली फुगा घेतला आणि पलंगावर तासभर हलायचं नाही असं ठरवून पडली. नवरा दारातून म्हणाला, "आता स्वतःच भरती झालीस का?" तासाने उठली तेव्हा टाच बधिर, जागा लाल, आणि तोंड उतरलेलं. दुसऱ्या दिवशी तिने कात्री घेतली, बेसिनजवळ उभी राहिली आणि नऊ बेडचे सगळे फुगे फोडले. मग धाकटीला म्हणाली, "सांग आता. काय करायचं असतं?" धाकटीने पोटरीखाली उशी सारून दाखवली, टाच हवेत. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. ही सकाळपाळीला, ती दुपारपाळीला. ही जाताना दोनची कूससुद्धा स्वतःच बदलून जायची, म्हणजे धाकटीला आल्या आल्या धावाधाव नको.

आणि नेमकं तेच नडलं.

कुशीचा एक तक्ता असतो, पेशंटच्या पायाशी टांगलेला. वर तास, खाली डावी का उजवी, आणि पुढे वळवल्याची खूण. सकाळी पाळी सुरू झाली की पहिल्या दहा मिनिटांत जी ती पेन काढते आणि पूर्ण पाळीच्या खुणा एकदमच करून टाकते. आठ, दहा, बारा, फटाफट. याला कुणी खोटं म्हणत नाही. बारा वाजता पेन धरायला हात मोकळा असेल याची खात्री कुणाला? काम तर होणारच आहे, शाई आधी, एवढंच. कुशीताईही तसंच करायची. फरक इतकाच की चौदा वर्षांत तिची खूण आधी आणि कूस मागून, पण कूस आली नाही असं कधी झालं नव्हतं.

काल झालं.

तीन नंबरच्या बेडवर टेलर मास्तर. वय पासष्ट, आयुष्य शिलाई मशीनवर वाकून गेलेलं, अंगावर मांस असं नाहीच, हाडांवर कातडी इस्त्री करून ठेवावी तसे. त्यात बीपी टिकवायचं औषध चालू. ते औषध हृदय आणि मेंदू सांभाळतं, पण कातडीचं रक्त तोडतं. आठ वाजता डाव्या कुशीवर. दहाला उजव्या. बाराला पुन्हा डावी, खूण सकाळीच झालेली. बाराला पाच मिनिटं कमी असताना कुशीताई बगलेत उशी मारून मास्तरांकडे निघाली, आणि पाच नंबरच्या गवळ्याचं हृदय थांबलं. उशी जिथल्या तिथे पडली. ती त्याच्या छातीवर होती, वीस मिनिटं आलटून पालटून. गवळी परतला. मग रक्त पाठवा, फोन करा, बायकोला सांगा, बेड आवरा, यातच पाळी संपली; बाराचीही राहिली आणि दोनचीही. मामा जमिनीवरून उशी उचलून कपाटात ठेवून आले, कारण जमिनीवरची उशी कपाटात जाते.

दोनला धाकटी आली. तक्त्यात बारा वाजता डावी, खूण आहे. मास्तर तर उजव्या कुशीवर. म्हणजे ताईंनी नेहमीप्रमाणे दोनची कूस बदलूनच ठेवली. तिने मनात ताईंना दुवा दिला, दोनपुढे 'उजवी' लिहिलं आणि चारला वळवायला आली. दहा ते चार. सहा तास, एका हाडावर. चारला जागा लाल होती, दाबली तरी पांढरी होईना. आज सकाळी साल निघाली होती.

"तू ऐकतेस का?" इन्चार्ज सिस्टरांनी चादरींच्या फळीवर थाप मारली. "पुढच्या महिन्यात मी वर जाते. ही खुर्ची रिकामी होते. मी तुझं नाव दिलंय. दुसऱ्या कुणाचं नाही, तुझं. आणि का दिलंय ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. कुशीताईच्या कमरेत दोन मणके सरकले होते. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, आणखी वर्षभर माणसं उचललीत तर तुम्हालाच कुणीतरी वळवायला लागेल. तेव्हापासून एप्रनच्या आत कंबरपट्टा. इन्चार्जच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला पेशंट उचलावे लागत नाहीत. ती खुर्ची म्हणजे मान नव्हता, औषध होतं.

"खुर्चीवर बसून नऊ पाठी वाचवशील, का वाकून वाकून तीन वाचवशील आणि चौथी स्वतःची घालवशील?"

"बरोबर बोलतेस."

"मग?"

"बरोबर बोलतेस म्हटलं. करते असं नाही म्हटलं."

"आणि जखमेच्या फॉर्ममध्ये लिहिणार काय? आगाऊ खूण केली होती म्हणून? अगं, अकरा पोरी आहेत इथे, अकराही जणी करतात. मी करत होते! तू एक ओळ लिहिलीस की अकरा जणी उघड्या पडतात."

"मी माझंच लिहिणार."

"विहिरीत उडी मारायची आणि म्हणायचं पाणी फक्त माझ्यापुरतं हललं!" त्यांनी दार उघडलं. "उद्या साडेअकराला फॉर्म मेट्रनबाईंकडे जाणार. तोवर डोकं ठिकाणावर आण."

भेटीच्या वेळेला मास्तरांची मुलगी आली. बापाचं दुकान आता तीच चालवते. गडबडीत गळ्यातली टेप काढायचीही राहिलेली. पहिल्या आठवड्यात हिचं आणि कुशीताईचं रोज वाजायचं. "आत्ता कुठे डोळा लागलाय बाबांचा, कशाला हलवता? तोंड वाकडं करतात ते!" तेव्हा कुशीताईने तिला खुर्चीत बसवून सांगितलं होतं, आता बिलकूल हलायचं नाही. पाच मिनिटांत पोरगी चुळबुळायला लागली. "बघ, तुला पाच मिनिटं निघेनात. त्यांना चुळबुळता येत नाही, म्हणून मी करते त्यांच्यावतीने." आणि त्याच भरात बोलून गेली होती, "बाबांच्या अंगाला डाग लागू देणार नाही, जा."

आता ती म्हणाली, "इकडे ये. सांगायचंय. काल बारा वाजता बाबांना वळवायचं राहून गेलं. माझ्याकडून. कमरेला जखम झालीय."

मुलीने पाच नंबरच्या बेडकडे पाहिलं. मग म्हणाली, "काल बाराला? त्या पाच नंबरवाल्यांना तुम्हीच वाचवलंत ना? त्यांची बायको बाहेर सांगत होती, रडत रडत."

"मी एकटीने नाही. पण हो."

"म्हणजे त्यांचं हृदय आणि आमच्या बाबांची कंबर एकाच वेळेला आली."

"हो."

"मग मी काय करू? धड रागावूही देत नाही तुम्ही." तिने डोळे पुसले, टेपच्याच टोकाने. "दाखवा."

कुशीताईने चादर बाजूला केली. मुलीने जखम पाहिली, तशी पाहिली जशी ती रोज कापड पाहत असेल.

"सव्वा इंच बाय एक," ती म्हणाली. "भरेल?"

"भरेल. खोल नाहीये. पण वेळ घेईल, आणि रोज बघावी लागेल."

"बाबा म्हणतात, रफू कितीही बारीक केलं तरी ज्याने केलं त्याला ते दिसतंच."

"बरोबर म्हणतात," कुशीताई म्हणाली आणि चादर नीट केली.

संध्याकाळी घरी नवऱ्याने गरम पाण्याची पिशवी भरून आणली. तो गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायचा, त्यामुळे घरी आल्यावर तो कशालाच घाबरत नाही. ती पालथी पडली, त्याने पिशवी कमरेवर ठेवली.

"खुर्ची मिळणार होती ना?"

"होती."

"आणि आता?"

"लिहिलं तर नाही मिळणार. नाही लिहिलं तर मिळेल."

"कुणाला कळणार आहे का?"

"नाही."

"मग अडलंय कुठे?"

ती उशीत तोंड घालून म्हणाली, "मास्तरांच्या पट्टीच्या वेळी मलाच दिसणार ना रोज. शिवाय खोटं लिहिलं की पुढच्या महिन्यात पुन्हा कुणाचीतरी बाराची राहणार. कागदावर झालेलीच असेल. मी खुर्चीत बसून कागदच तपासणार, आणि कागद एकदम चोख."

नवऱ्याने पिशवी जरा वर सरकवली. मग म्हणाला, "आमच्याकडे एक बाई येतात. वळायच्या आधीच इंडिकेटर बंद करतात. म्हटलं, अहो, अजून वळलो नाही आपण! तर म्हणाल्या, मनात वळले की मी."

कुशीताई हसली आणि हसताना कमरेत कळ आली. "अहो, हसवू नका."

"पाठ तुझी आहे," तो म्हणाला. "पण शेकायला मीच आहे, एवढं धरून चाल."

"म्हणजे?"

"म्हणजे लिही. आणि आता कूस बदल, या बाजूची पिशवी गार झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू झाली आणि कुशीताईने तिन्ही तक्त्यांवर तास लिहिले, पुढची जागा मोकळी सोडली. शेजारच्या बेडवरच्या सिस्टरने मान लांब करून पाहिलं.

"ताई, आजपासून सोवळं का? आम्हालाही उघडं पाडणार?"

"तुझ्या तक्त्याला मी हात लावलाय का?"

"हात कशाला लावायला पाहिजे? तुमचा कोरा दिसला की आमचा आपोआप भरलेला दिसतो."

कुशीताईने पेन खिशात टाकलं. आठची कूस झाली, तिने खूण केली. दहाची झाली, तिने खूण केली. हातमोजे काढा, पेन शोधा, पुन्हा हातमोजे घाला. प्रत्येक बेडमागे दीड मिनिट जास्त. दीड मिनिट इथे कुणाकडे आहे, हा त्या पोरीचा राग खोटा नव्हता, हे तिला तिसऱ्या बेडला घाम फुटला तेव्हा नीटच कळलं.

मधेच धाकटीचा फोन आला. "ताई, माझंही नाव घाला. मी विचारायला हवं होतं. बघून गप्प बसले."

"तू माझ्यावर विश्वास टाकलास. त्याचा रकाना नाहीये फॉर्ममध्ये."

"ताई, मस्करी करू नका."

"मस्करी नाही. दुपारी वेळेवर ये. आणि दोनची कूस मी करून गेले असं धरून चालू नकोस. मला विचार, पेशंटला बघ, मग लिही."

साडेअकराला ती मेट्रनबाईंच्या खोलीत गेली. मेट्रनबाई म्हणजे चारशे नर्सेसचा कारभार, टेबलावर काच, काचेखाली पाळ्यांचं वेळापत्रक. इन्चार्ज सिस्टर आधीच बाजूला उभ्या होत्या, नजर काचेवर. मेट्रनबाईंनी फॉर्म दोनदा वाचला.

"'कारण' या रकान्यात सगळे एकच ओळ लिहितात," त्या म्हणाल्या. "रुग्णाची गंभीर अवस्था. तुम्ही निबंध लिहिलाय."

"चारच ओळी आहेत, मॅडम."

त्यांनी मोठ्याने वाचलं. "'बाराची कूस बदलली नाही. खूण सकाळीच केली होती. त्यामुळे पुढच्या पाळीला कळलं नाही. बारा वाजता एका नर्सकडे तीन बेड होते व त्यातला एक अत्यवस्थ होता.' आणि खाली हे काय? 'कूस बदलायच्या वेळेला दोन माणसं फक्त त्याच कामाला ठेवावीत.' माणसं मी कुठून आणू? झाडाला लागतात?"

"मामा आहेत, मॅडम. त्यांना त्याच वेळेला औषधं आणायला खाली पाठवतात. ती वेळ अर्धा तास पुढे ढकलली तरी एक माणूस मिळतो."

मेट्रनबाईंनी पेन ठेवलं. फटकन नाही, हळूच. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"कुणी विचारलं नव्हतं."

इन्चार्ज सिस्टरांनी खोकून घेतलं. मेट्रनबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं.

"बसा. तुमची कंबर मला माहीत आहे. खुर्चीसाठी तुमचं नाव माझ्यापुढे आहे, आणि मला ते खोडायचं नाहीये. पण हा फॉर्म असाच पुढे गेला, तर दोष एकट्या तुमचा होतो, आणि दोषी नर्सला मी इन्चार्ज करू शकत नाही. एक मार्ग आहे. आगाऊ खूण ही तुमची एकटीची सवय नसणार. साऱ्या आयसीयूची रीत असेल, तर तो एका नर्सचा दोष राहत नाही. मी तसं पुढे लिहीन, सगळ्यांना ताकीद देईन, तुमचं नाव तसंच राहील." त्यांनी एक कोरा कागद काचेवरून तिच्याकडे सरकवला. "फक्त मला ते हवेतलं लिहिता येत नाही, मला नावं लागतील. कोण कोण करतं? पाळीप्रमाणे लिहा."

कागद कुशीताईच्या पुढ्यात. त्याच्या शेजारी पेन. अकरा नावं तिला पाळीसकट पाठ होती. जिचं मूल अंगावर पितं ती, जिची नोकरी अजून कायम व्हायची आहे ती, सकाळी जिने सोवळं म्हणून टोमणा मारला ती. आणि धाकटी. रीत सगळ्यांची होती, हे खरंच होतं. खरं लिहायलाच तर ती इथे आली होती. बसल्या जागी कंबर ठणकत होती, आणि खुर्ची मऊ होती.

"मॅडम, रीत आहे असं मी लिहून देते. नावं कशाला?"

"नावांशिवाय ती तुमची सबब होते. नावं असली की माहिती होते. सांगा, कोण कोण?"

इन्चार्ज सिस्टरांनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांचं नाव अकरांत नव्हतं, पण जुन्या तक्त्यांवर होतं.

कुशीताईने भिंतीकडे पाहिलं. मेट्रनबाईंच्या डोक्यावर घड्याळ होतं. बाराला पाच मिनिटं कमी.

तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि कागदावर आडवं ठेवून दिलं. मग एक हात टेबलावर, एक हात कमरेवर, अशी ती उठली. खुर्ची होती तशी आत सारली.

"सिस्टर, मी काहीतरी विचारलंय."

दाराच्या काचेतून मामा दिसत होते, बगलेत उशी घेऊन, जिन्याकडे एक डोळा ठेवून. त्यांना औषधांसाठी खाली जायची हाक केव्हाही येणार होती.

"सिस्टर!"

कुशीताई दार ओढून घेऊन बाहेर पडली.